कबाड्याकडची जुनी माउंटन बाइक: ओळखावी कशी, वाचवावी कशी

कबाडी सायकल वजनावर घेतो आणि वजनावरच विकतो. त्यामुळे त्याच्या काट्यावर हिशेब उलटा पडतो: क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेल्या मजबूत) पोलादाची बारा-तेरा किलोची चांगली माउंटन बाइक सतरा किलोच्या साध्या सायकलीपेक्षा स्वस्तात सुटते. इंदूरला अशा सायकली अधूनमधून निघतात. कुणी परदेशातून परतताना सामानाबरोबर आणलेली असते, कुणी महूच्या लष्करी छावणीतून बदली होताना विकून गेलेलं असतं, आणि मग ती गच्चीवरच्या पत्र्याखाली वीस-पंचवीस वर्षं पडून राहते. दिवाळीच्या साफसफाईत खाली येते ती थेट हातगाडीवर. दसऱ्यापासून धनत्रयोदशीपर्यंत आपल्या भागातल्या कबाड्याकडे दर दोन-तीन दिवसांनी डोकावलं पाहिजे.

सायकलीवर लिहिलेलं नाव ओळखीचं नसेल तर बिचकू नका. १९८० आणि १९९०च्या दशकांत जपान आणि तैवानमधले मोजके कारखाने शेकडो नावांसाठी सायकली बांधून देत होते. एकाच हातची, एकाच नळीची फ्रेम तीन नावांनी विकली जाई. म्हणून नावाच्या मागे लागण्याआधी नळ्या, मापं आणि भागांवर ठोकलेली अक्षरं वाचायची. स्टिकर कुणीही चिकटवू शकतं, नळीची जाडी कुणी बदलू शकत नाही.

पैसे देण्याआधी

सोबत चार वस्तू हव्यात: लोहचुंबक, लगेज मोजायचा टांगता काटा, वर्निअर कॅलिपर आणि चार मीटर पक्की बारीक दोरी.

आधी सायकल उलटी करा. पेडलच्या एक्सलची आडवी नळी, म्हणजे बीबी शेल, तिच्या बुडाशी बहुतेक वेळा फ्रेम नंबर ठोकलेला असतो. तो कानशीने घासलेला दिसला तर सायकल घेऊ नका, मग ती कितीही सुंदर असो. नंबर शाबूत असेल तर तो लिहून साधी पावती घ्या.

मग हेड ट्यूबच्या, म्हणजे हँडल आणि फोर्क ज्यात फिरतात त्या पुढच्या छोट्या नळीच्या, मागची बाजू बघा. समोरून जोरदार धडक बसली असेल तर खालची तिरकी नळी हेड ट्यूबच्या मागे दोन-तीन सेंटिमीटरवर, पोटाच्या बाजूने सुरकुतते. डोळ्याला ती सुरकुती नेहमी दिसत नाही. बोटाच्या पेराने नळीच्या पोटावरून हळू सरकत जा, फुगवटा लागतो. तिथे रंगाला आडवी चीर असेल तर ती धोक्याची खूण. उभा ओरखडा चालेल, आडवी चीर नको. अशी फ्रेम फक्त सुट्या भागांसाठी घ्यावी.

फोर्क, म्हणजे मिस्त्रींचा चिमटा, बाजूने पाहा. त्याचा वरचा सरळ भाग हेड ट्यूबच्या रेषेत असला पाहिजे. तो मागे झुकलेला असेल तर वाकलाय. फोर्क बदलता येतो, फ्रेम बदलता येत नाही.

आता दोरी. मागच्या एका ड्रॉपआउटला, म्हणजे चाकाचा एक्सल बसतो त्या खाचेला, बांधा, हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटला ताणून बांधा. सीट ट्यूबपासून, म्हणजे सीटखालच्या उभ्या नळीपासून, दोन्ही बाजूंच्या दोरीचं अंतर मोजा. दोन मिलिमीटरपर्यंतचा फरक चालतो. चार-पाच मिमी असेल तर मागचा त्रिकोण वाकलाय. पोलादाचा असेल तर जाणकार माणूस सरळ करू शकतो, अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर सोडून द्या.

शेवटी सीट पोस्ट (सीटचा दांडा) आणि हँडलचा स्टेम (हँडल धरणारा दांडा) हलतो का बघा. न हललेला स्टेम ही मोठी अडचण नाही. न हललेली सीट पोस्ट मात्र चार दिवसांचं काम आहे, आणि भाव करताना ते मोजायचं.

धातू आणि नळी

चुंबक चिकटला तर पोलाद. पण पोलादापोलादात फरक असतो, आणि तो शोधायची सर्वांत खात्रीची जागा म्हणजे सीट ट्यूब. पोलादी माउंटन बाइकच्या सीट ट्यूबचा बाहेरचा व्यास बहुधा २८.६ मिमी असतो. तो मोजून घ्या. मग सीट पोस्ट काढून तिचा व्यास मोजा, किंवा तिच्यावर ठोकलेला आकडा वाचा. पोस्ट २७.२ची असेल तर नळीची जाडी साधारण ०.७ मिमी निघते. २६.८ असेल तर ०.९. आणि २५.४ असेल तर १.६ मिमी, म्हणजे जाड, जड, साध्या हाय-टेन पोलादाची नळी. २६.६च्या वरची पोस्ट दिसली की फ्रेम बहुधा क्रोमोलीची, आणि मेहनतीच्या लायकीची. पोस्ट ०.२ मिमीच्या पायऱ्यांनी मिळतात, त्यामुळे कॅलिपर ०.१ मिमीपर्यंत भरवशाचा हवा. एक खबरदारी: आधीच्या मालकाने बारीक पोस्ट पत्र्याची पट्टी गुंडाळून बसवली असू शकते. म्हणून नळीचं तोंडही आतून मोजाच.

नळीवर टँगे, इशिवाता, ट्रू टेम्पर, रेनॉल्ड्स किंवा कोलंबसचा छोटा स्टिकर उरला असेल तर उत्तमच. नसेल तर ड्रॉपआउट पाहा. साध्या सायकलीत ते पत्र्यातून कापलेले, पातळ असतात आणि गिअरसाठी वेगळी पट्टी एक्सलवर अडकवलेली असते. चांगल्या फ्रेमचे ड्रॉपआउट घडवलेले, पाच-सात मिमी जाड असतात आणि डिरेलर, म्हणजे चेन एका दातेरी चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग, अडकवायचा कान त्यांच्याच अंगचा असतो.

हिरो रेंजरसारख्या देशी सायकलीही याच घडणीच्या दिसतात. त्यांचं मोल आठवणीचं आहे आणि ते कमी नाही. पण त्यांची नळी जाड, वजन जास्त, आणि गिअर-ब्रेकचे भाग पुढे बदलायला मर्यादा. दुरुस्तीचा खर्च ठरवताना आपल्यासमोर नेमकं काय आहे हे माहीत असावं.

नाव पुसलं असेल तर

सायकल आणल्या आणल्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याखाली धरू नका. ओल्या फडक्याने धूळ टिपा, मग रात्री अंधाऱ्या खोलीत टॉर्च नळीला जवळजवळ समांतर धरा. निघून गेलेल्या स्टिकरच्या कडा सावलीसारख्या उठतात, कारण त्याच्याखालचा रंग कमी उडालेला असतो. अक्षरं उठली की तशाच तिरप्या उजेडात फोटो घ्या. स्टिकर पारदर्शक लॅकरच्या खाली असेल तर तो कारखान्याचा. वर असेल आणि कड नखाला लागत असेल तर तो बहुधा नंतरचा. हेड ट्यूबवर दोन भोकं दिसली तर तिथे धातूचा बिल्ला होता. भोकांमधलं अंतर आणि ती उभी की आडवी, हे टिपून ठेवा.

वर्ष वाचणं

हे काम सर्वांत आनंदाचं आहे. शिमानोच्या बहुतेक भागांवर, मागच्या न दिसणाऱ्या बाजूला, दोन छोटी इंग्रजी अक्षरं ठोकलेली असतात. पहिलं वर्षाचं, दुसरं महिन्याचं. १९७६ म्हणजे ए, १९७७ म्हणजे बी, आणि असं पुढे २००१ला झेड. २००२पासून पुन्हा ए. महिन्यांत ए जानेवारी, एल डिसेंबर. म्हणजे ‘ओ-ई’ असेल तर मे १९९०.

एका भागावर भिस्त ठेवू नका. मागच्या डिरेलरवर ‘एन-के’, क्रँकच्या (पेडलच्या दांड्याच्या) पाठीवर ‘एन-एल’ आणि ब्रेकच्या हातावर ‘ओ-ए’ निघालं, तर तिन्ही भाग नोव्हेंबर १९८९ ते जानेवारी १९९० मधले. सायकल १९९०च्या सुरुवातीला जोडलेली, हे जवळपास पक्कं. त्यात एखादा भाग ‘टी-सी’ निघाला, म्हणजे मार्च १९९५चा, तर तो मागाहून बदललेला. अक्षरं वाचण्याआधी तो भाग रॉकेलमध्ये भिजवलेल्या टूथब्रशने घासा आणि ओल्या जागेवर खडूची पूड चोळा; पूड खोबणीत बसते आणि अक्षर उठून दिसतं.

भागांचे नंबरही बोलतात. आरडी म्हणजे मागचा डिरेलर, एफडी पुढचा, एफसी क्रँक, बीआर ब्रेक, एफएच मागचा हब (चाकाचा मधला भाग). ‘आरडी-एम७३५’ वाचलंत तर हातात डिओर एक्सटी आहे, त्या काळातला वरच्या दर्जाचा संच. डिओर एक्सटी पहिल्यांदा १९८२मध्ये आली. त्या पहिल्या पिढीच्या भागांवर हरणाचं डोकं असतं. ते दिसलं तर काहीही न फेकता, न घासता थांबा आणि आधी सगळं नोंदवा.

भाग बदलले गेले असतील तर फ्रेमच साक्ष देते. १९८१चा स्पेशलाइज्ड स्टम्पजम्पर आणि त्या आसपासच्या सायकली लांबट असत: बीबीच्या मध्यापासून मागच्या एक्सलपर्यंत ४५-४७ सेंमी, पुढचा फोर्क बराच झुकलेला. १९९०च्या सुमारास हे अंतर ४२-४३ सेंमीवर आलं. मागचा ब्रेक बीबीजवळ, खालच्या नळ्यांच्या पोटाशी असेल तर तो यू-ब्रेक, १९८६ ते १९८९च्या आसपासचा. ही जागा आपल्या माळव्यात फार वाईट: काळ्या मातीचा चिखल तिथे गोळा होऊन वाळतो आणि चाक अडतं. यू-ब्रेकचे खुंट रिमच्या पलीकडे, टायरच्या बाजूला असतात, त्यामुळे त्यांवर साधा कॅन्टिलिव्हर ब्रेक बसत नाही. व्ही-ब्रेक १९९६मध्ये आले. त्याआधीच्या सायकलीवर ते दिसले तर नंतर लावलेत.

क्रँकची पाच बोटं असतील तर शेजारच्या दोन बोल्टांच्या मध्यांतलं अंतर मोजा. ६४.७ मिमी म्हणजे बोल्टांचं वर्तुळ ११० मिमी व्यासाचं, जुनं. ५५.३ मिमी म्हणजे ९४चं, १९९०च्या दशकाच्या मध्यापासूनचं. दातेरी चकती किंचित लंबगोल दिसली तर ती वाकलेली नाही. ती शिमानोची बायोपेस. हातोडीने गोल करायला जाऊ नका. काढण्याआधी ती क्रँकवर कशी बसली होती ते मार्करने खुणावा.

मागच्या ड्रॉपआउटमधलं आतलं अंतर १३० मिमी असेल तर फ्रेम जुनी, १३५ असेल तर १९८०च्या दशकाच्या शेवटापासूनची. पोलादी फ्रेम १३०वरून १३५वर सावकाश ताणता येते.

सोडवणं

डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. ते घड्याळाच्या दिशेने सुटतं. बीबीचा उजवा कपही उलट्या आट्यांचा. इथे घाई झाली की कपाच्या कडा मोडतात.

क्रँक काढताना जी चूक सर्वांत जास्त होते ती ही: बोल्ट काढला, पण त्याखालचा वॉशर आत राहिला. मग क्रँक ओढून काढणारा पुलर त्या वॉशरवर ढकलत राहतो आणि क्रँकचे आटे सोलून बाहेर येतात. टॉर्चने आत पाहा, वॉशर काढा, आटे वायर ब्रशने साफ करा, आणि पुलर हाताने शेवटपर्यंत फिरला की मगच पाना लावा. पुलर दोन-तीन आट्यांवरच अडकलेला असताना जोर कधीच नको.

स्टेमचा बोल्ट सहा-सात फेरे सैल करा, त्यावर लाकडाचा तुकडा ठेवून हातोडीचा एक ठोका द्या. आतली पाचर खाली पडते आणि स्टेम सुटतो. पहिल्या ठोक्याने नाही सुटला तर पेनिट्रेटिंग ऑइल टाकून रात्रभर ठेवा.

सीट पोस्टची गोष्ट वेगळी. अ‍ॅल्युमिनियमची पोस्ट पोलादी नळीत वर्षानुवर्षं ओलसर राहिली की दोन धातूंमध्ये विद्युत-रासायनिक गंज धरतो आणि पांढरी पूड फुगून पोस्ट जखडते. क्रम असा ठेवा. बीबी काढा, सायकल उलटी टांगा, सीट ट्यूबमध्ये खालून पेनिट्रेटिंग ऑइल सोडा. सकाळ-संध्याकाळ, चार दिवस. दर वेळी पोस्टच्या डोक्यावर लाकडी हातोडीने चारी बाजूंनी हलके ठोके द्या. अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, म्हणून नुसतं तापवलं तर पोस्ट अजून घट्ट होते. तिला गार करायचंय. पोस्ट वरून उघडी असेल तर मीठ मिसळलेला बर्फ आत कोंबा, पंधरा मिनिटं थांबा. मग पोस्टचं डोकं टेबलाला बोल्टने बसवलेल्या व्हाइसमध्ये पकडा आणि दोघांनी फ्रेम धरून फिरवा, एका दिशेला बोटभर, मग उलट. झटका नको. सांध्याजवळ रंगाला सुरकुती दिसली तर तिथेच थांबा, कारण पातळ नळी पिळली जाते.

तरीही नाही निघाली तर पोस्ट नळीच्या तोंडापासून तीन सेंमी वर कापा, हॅकसॉचं पातं एका टोकाला कापड गुंडाळून हातात धरा आणि पोस्टच्या आतून उभी खाच पाडा, समोरासमोर दोन. पातं पोलादाला टेकलं की आवाज बदलतो, घासण्याचा सूर उंच होतो, तिथे थांबा. मग पक्कडीने पोस्ट आत दुमडून ओढा. दोन तास लागतात, पण फ्रेम वाचते. कॉस्टिक सोड्याने अ‍ॅल्युमिनियम विरघळवण्याचा उपाय सुचवला जातो; त्यात हायड्रोजन वायू सुटतो, द्रावण उकळतं, आणि डोळा गेला तर परत येत नाही. घरात करू नका.

गंज

फ्रेम पावडर कोटिंगला देण्याचा मोह टाळा. कोटिंगआधीच्या वाळूच्या फवाऱ्यात मूळ रंग जातो, अक्षरांच्या खुणा जातात, आणि आटे बंद होतात ते वेगळं. रंग उडालेल्या जागाच घासून तेवढ्याच भरा.

सुट्या पोलादी भागांसाठी किराण्याच्या दुकानातलं लिंबूसत पुरतं: एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम. नटबोल्ट, पट्ट्या त्यात बुडवा, दर तासाला उचलून पाहा. रात्रभर विसरलात तर चांगलं पोलादही खाल्लं जाईल. बाहेर काढल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात खळबळा, लगेच पुसा, लगेच तेल लावा. स्प्रिंग, चेन आणि छर्रे आम्लात टाकू नका. कडक पोलाद त्यात ठिसूळ होतं. क्रोमवरचा गंज पाण्यात भिजवलेल्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलच्या बोळ्याने घासला की निघतो.

फ्रेमच्या आत काय आहे हे बीबीच्या भोकातून टॉर्चने पाहा. सुटे पोपडे झटकून टाका आणि उकळलेलं अळशीचं तेल आत ओतून फ्रेम चारी बाजूंना फिरवा. दोन दिवस उलटी ठेवून निथळू द्या. ते आत वाळून पातळ कवच धरतं. तेलाने भिजलेली फडकी गोळा करून ठेवू नका, ती आपोआप पेट घेतात, पसरून वाळवा.

भाग आणि जोडणी

इंदूरच्या सियागंज बाजारात जाण्याआधी छर्ऱ्यांचा हिशेब लिहून न्या. पुढच्या हबला ३/१६ इंची, बाजूला १० प्रमाणे २०. मागच्या हबला १/४ इंची, बाजूला ९ प्रमाणे १८. बीबीला १/४ इंची, बाजूला ११ प्रमाणे २२. हेडसेटला (हेड ट्यूबच्या बेअरिंगला) बहुधा ५/३२ इंची; कप भरून घ्या आणि एक-दोन छर्ऱ्यांची जागा मोकळी सोडा. जुने छर्रे परत घालू नका, सगळे बदला. कोनवर, म्हणजे छर्रे ज्यावर फिरतात त्या निमुळत्या नटावर, नखाला लागणारा खड्डा असेल तर कोनही बदला. ग्रीस चाकाच्या बेअरिंगची, लिथियमची.

टायर घेताना ‘२६ इंची’ एवढंच सांगू नका. २६ × १ ३/८ हे ५९० मिमी रिमचं आणि २६ × १ १/२ हे ५८४चं माप आहे. माउंटन बाइकला ५५९ लागतं. टायरच्या कडेवर ‘५०-५५९’ असं काहीतरी लिहिलेलं असतं, तेच पाहा. रिमच्या कडेवर सरळ पट्टी ठेवा. मध्ये स्पष्ट खोलगट फट दिसली तर ती ब्रेकने झिजलीय आणि हवेच्या दाबाने फाटू शकते.

मागचे दाते फ्रीव्हील आहेत की कॅसेट, हे न खोलता कळतं. दाते उलटे फिरवा आणि मधल्या खाचा पाहा. खाचा दात्यांबरोबर फिरल्या तर कॅसेट, जागेवर राहिल्या तर फ्रीव्हील. पुलर दोन्हींचे वेगळे.

चेन मोजायला पट्टी १२ इंचांवर धरा. बारावी खूण पिनच्या मध्याच्या १/१६ इंच मागे राहिली तर चेन बदला. १/८ राहिली तर दातेही गेलेत.

गिअर बदलायची कळ हाताला रिकामी लागते, क्लिक पकडत नाही, म्हणून ती टाकून देणारे पुष्कळ आहेत. बहुतेक वेळा ती मोडलेली नसते. आतली जुनी ग्रीस मेणासारखी वाळून छोट्या कुत्र्यांना, म्हणजे पकडणाऱ्या खिटांना, चिकटवून ठेवते. केबल काढा, कॉन्टॅक्ट क्लीनर आत फवारा, पन्नास वेळा कळ दाबा, काळं पाणी निघून जाऊ द्या, पुन्हा फवारा. तिसऱ्या-चौथ्या वेळी खिट सुटते आणि कळ एकदम जिवंत होते. मग शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब. हँडलच्या वर बसणाऱ्या जुन्या अंगठ्याच्या कळा असतील तर त्यांत बहुधा क्लिकशिवाय चालण्याची सोयही असते. ती कुठल्याही डिरेलरला चालते, म्हणून या कळा जपा.

गिअरची बाहेरची केबल ब्रेकला कधीही लावू नका. तिच्यातल्या तारा सरळ असतात आणि ब्रेकच्या ताणाखाली ती फुटते. जुन्या कॅन्टिलिव्हरच्या लिव्हरला व्ही-ब्रेक जोडले तर लिव्हर हँडलला टेकते. उलट केलं तर लिव्हर दगडासारखी लागते पण सायकल थांबत नाही. पुढच्या कॅन्टिलिव्हरच्या वर, फोर्कच्या डोक्यावर एक छोटा आकडा किंवा रिफ्लेक्टरची पट्टी असते. ती निरुपयोगी समजून काढू नका. मुख्य केबल तुटली तर दोन ब्रेकांना जोडणारी आडवी तार खाली पडून टायरच्या गोट्यांत अडकते, चाक जागीच थांबतं आणि माणूस हँडलवरून पुढे जातो. ती पट्टी त्या तारेला झेलते.

क्रँकचे बोल्ट ३५ ते ४० न्यूटन-मीटरवर कसा. टॉर्क पाना नसेल तर २५ सेंमी लांब दांड्याच्या टोकावर सुमारे १५ किलोचा भार येईल एवढा जोर. जोडल्यावर पहिली फेरी गल्लीतच, दोन्ही ब्रेक वेगवेगळे तपासत. मग सपाट रस्त्याने दहा किलोमीटर, आणि परत आल्यावर क्रँकचे बोल्ट, हेडसेट आणि हबचे कोन पुन्हा तपासायचे; नव्या छर्ऱ्यांनी जागा घेतली की ते थोडे सैल पडतात. नव्या केबलीही पहिल्या पन्नास किलोमीटरांत ताणतात. त्या ओढून झाल्यावर आणि चाकाच्या स्पोकांचा सूर प्रत्येक बाजूला आपापसांत एकसारखा लागल्यावरच सिमरोलचा घाट उतरा.